किल्ली दिल्यानंतरची अट

अंजूरफाट्यावरून खारबावच्या दिशेने निघालं की भातखाचरं आणि गोदामं यांची सरमिसळ सुरू होते. ज्या घरांनी आपल्या शेतात गाळे बांधून भाड्याने दिले, त्या घरांत 'लिव्ह अँड लायसन्स' हा शब्द आजीलाही पाठ असतो. भाडं, डिपॉझिट, मुदत यांच्या खाली त्या कागदात बहुधा एक कलम असतं: गाळ्यात रसायनं किंवा पेट घेणारा माल ठेवायचा नाही. ते का घालायचं हे भिवंडी तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि कलम असूनही गोदामं जळतात, हेही इथे सगळ्यांनी पाहिलं आहे. जो मालक अधूनमधून शटर वर करून आत नजर टाकतो, त्याचं कलम जिवंत राहतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. जे आपला कोड ओपन सोर्स म्हणून जगाला देतात आणि आपल्या हातचं काम कुणाच्या छळाला लागू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. परवान्यात नीतीची अट घालावी का, घातली तर कशी, आणि ती कुठे लंगडी पडते, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला ते आधी कळावं.

काही वर्षांपूर्वी मामेभावासाठी हजेरीचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो गोदामांना माणसं पुरवायचा. वहीतली हजेरी, आणि महिनाअखेर कुणाचे किती दिवस भरले, कुणाचे किती खाडे झाले यावरून भांडणं. माझ्या प्रोग्रॅममुळे कामगाराला आपले भरलेले दिवस मोबाइलवर दिसू लागले आणि भांडणं थांबली. मला अभिमान वाटला. कोड गिटहबवर टाकला. परवाना कुठला, असं विचारलं गेलं तेव्हा यादीतला एमआयटी निवडला, कारण तो सगळ्यांत आखूड होता.

पुढे एकदा वसई-दिवा मेमूत ओळखीच्या एका मुलीने तिच्या गोदामातल्या स्क्रीनचा फोटो दाखवला. नावं, पाळ्या, आणि प्रत्येक नावापुढे लाल आकड्यांत 'रिकामी मिनिटं'. दोन स्कॅनमध्ये किती वेळ गेला ते मोजलेलं होतं. पाणी प्यायला, लघवीला गेलेला वेळ त्यातच धरलेला, आणि तो पगारातून कापला जात होता. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत 'हजेरी'ऐवजी 'हजरी' असं लिहिलं होतं. ती चूक माझी होती. कोडमध्ये राहून गेलेली, मी कधीच दुरुस्त न केलेली.

त्या रात्री परवान्यात एक ओळ घालायला बसलो होतो: हे सॉफ्टवेअर कामगारांच्या छळासाठी वापरू नये. ती ओळ तेव्हा लिहिली नाही, कारण पहिलीच गोष्ट समोर आली ती अशी, की दिलेला परवाना मागे घेता येत नाही. एमआयटीखाली बाहेर गेलेली आवृत्ती कायम एमआयटीखालीच राहणार. नवी अट फक्त नव्या आवृत्तीला लागते, आणि ज्याला ती नको असेल तो जुनी आवृत्ती घेऊन पुढे जातो. म्हणून परवाना निवडायचा तो पहिल्या दिवशी, कोड बाहेर टाकण्याआधी. गाळा देताना किल्ली आपल्या हातात असते तोवरच बोलायचं ते बोलून घ्यावं.

दुसरी गोष्ट नावाची. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था १९९८ साली स्थापन झाली. तिने डेबियन प्रकल्पाच्या नियमांवरून ओपन सोर्सची जी व्याख्या केली तिच्यात दहा निकष आहेत. पाचवा सांगतो की कुठल्याही व्यक्तीला वा गटाला वगळायचं नाही. सहावा सांगतो की कुठल्याही कामासाठी वापर अडवायचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर चळवळीतही पहिलं स्वातंत्र्य, ज्याला ते शून्यावं म्हणतात, हेच आहे: प्रोग्रॅम कुठल्याही हेतूने चालवता आला पाहिजे. म्हणजे 'अमुक कामासाठी वापरू नका' असं लिहिलं की तुमचा कोड उघडा असला तरी या व्याख्येने ओपन सोर्स राहत नाही. हा नियम मला सुरुवातीला निर्दय वाटला. मग लक्षात आलं की माझ्या मोबाइलमध्ये शेकडो लोकांनी लिहिलेले तुकडे आहेत, आणि प्रत्येकाने आपापली अट घातली असती तर वाचता वाचता आयुष्य गेलं असतं. तरीही प्रश्न उरतोच: व्याख्येत बसत नाही म्हणून अट घालूच नये का? माझं मत असं की घालावी, पण मग त्याला ओपन सोर्स म्हणू नये. 'उघडा कोड, अटींसह' असं सरळ सांगावं. नीतीसाठी म्हणून परवाना लिहायचा आणि त्याच्या नावातच वाचणाऱ्याची फसगत करायची, हे शोभत नाही.

आता आधी ज्यांनी हे करून पाहिलं त्यांच्याकडे वळू. जेसन हा डेटा देवाणघेवाणीचा प्रकार जगाला देणाऱ्या डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या कोडच्या परवान्यात एक वाक्य घातलं होतं: हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. हेतू निर्मळ होता. पण आयबीएमच्या वकिलांनी पत्र पाठवून वेगळी सूट मागितली, कारण आपला ग्राहक काय करेल याची हमी त्यांना देता येत नव्हती. क्रॉकफर्ड यांनी ती दिली आणि हा किस्सा पुढे भाषणांत सांगितलाही. डेबियनने तो परवाना मुक्त मानला नाही, आणि २०१६मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा कोड घेणं बंद केलं. म्हणजे त्या वाक्याने सावध लोक दूर गेले आणि बेफिकीर लोक कोड वापरत राहिले. 'वाईट' म्हणजे काय हे ठरवणारं कुणी नेमलेलं नसलं की असंच होणार. 'गाळ्यात काही वाईट ठेवू नये' असा करार भिवंडीत कुणी करणार नाही. तिथे मालाचा प्रकार लिहावा लागतो.

कोरलाइन एडा एम्की यांनी २०१९मध्ये हिपोक्रॅटिक परवाना आणला, वैद्यांच्या शपथेवरून नाव घेऊन. त्याची तिसरी आवृत्ती २०२१ची. तिच्यात मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजांचा आधार घेतला आहे आणि विषयवार कलमं आपल्याला निवडता येतात. त्याच वर्षी, म्हणजे २०१९मध्ये, चीनमधल्या प्रोग्रॅमरांच्या एका मोहिमेतून अँटी-९९६ परवाना आला. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, या राबवणुकीवरून ते नाव. या परवान्याची युक्ती मला फार आवडते. तो 'चांगलं वागा' म्हणत नाही. तुम्ही जिथे आहात तिथला कामगार कायदा आणि मूलभूत आंतरराष्ट्रीय कामगार मानकं पाळा, एवढंच म्हणतो. कायदा लिहिलेला आहे, त्याचा अर्थ लावायला न्यायालय आहे, तक्रार ऐकायला अधिकारी आहे. आपल्याकडे अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने लढून मिळवलेला १९६९चा माथाडी कायदा आहे. त्याखाली मंडळं आहेत, त्या मंडळांकडे मालकांची आणि कामगारांची नोंद होते. गोदामासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अशा नोंदीला अट जोडली तर ती तपासता येईल. कायदे बदलतात, म्हणून कलमात 'वेळोवेळी लागू असलेला' हे शब्द घालायला विसरू नका.

फ्रान्समध्ये सायकलवरून माल पोचवणाऱ्या कामगारांसाठी लिहिलेल्या कूपसायकल या सॉफ्टवेअरने आणखी वेगळी वाट धरली. व्यवसायासाठी ते वापरायचं तर तुमची संस्था सहकारी किंवा सामाजिक अर्थव्यवस्थेतली हवी. महाराष्ट्रात ही अट समजायला कुणाला कष्ट पडू नयेत. १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदणी आहे की नाही, हा हो किंवा नाही असा प्रश्न आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की नोंदणी तपासता येते, वागणूक नाही. ऊसतोड कामगारांना विचारा, सहकार या शब्दाने त्यांचं काय भलं झालं.

म्हणून अट लिहायचीच असेल तर माझी कसोटी अशी: ती मोडली गेली हे बाहेरच्या माणसाला कशावरून कळेल? उत्तर मिळत नसेल तर कलम परत लिहा. मी केलेले तीन मसुदे सांगतो. पहिला, 'कामगारांच्या छळासाठी वापरू नये.' छळ म्हणजे काय, यावरच वर्ष जाईल. दुसरा, 'कामगारांवर पाळत ठेवण्यासाठी वापरू नये.' पण हजेरी हीसुद्धा एका अर्थी पाळतच आहे, म्हणजे माझा मामेभाऊच पहिला दोषी ठरला असता. तिसरा, 'या प्रोग्रॅमने नोंदवलेला दोन स्कॅनमधला वेळ कोणत्याही व्यक्तीच्या मजुरीतून कपात करण्यासाठी वापरता येणार नाही.' हा पगाराच्या चिठ्ठीवरून तपासता येतो. कृती एक आहे, पुरावा एक आहे, आणि ज्याचं नुकसान होतं त्याच्याच खिशात तो पुरावा आहे. कलम लिहिताना ज्याचा त्रास टाळायचा आहे त्या माणसाच्या हातात काय असतं, तिथून सुरुवात करावी.

अट मोडली तर काय, हेही लिहायला हवं. 'ही अट पाळली तरच हा परवाना लागू' अशी शब्दरचना ठेवा. नुसतं 'पाळावी अशी अपेक्षा आहे' म्हटलं तर ती विनंती होते. या फरकावर अमेरिकेत २००८मध्ये एक महत्त्वाचा निकाल लागला, तोही खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरवरून. रॉबर्ट जेकबसेन आणि त्यांच्या साथीदारांचा कोड एका कंपनीने श्रेय न देता घेतला होता. परवान्यातल्या अटी या खरोखरच्या अटी आहेत आणि त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं अपिलाच्या न्यायालयाने म्हटलं. फुकट दिलेल्या कोडच्या अटींनाही बळ असतं, हे त्यातून पक्कं झालं. पहिल्या चुकीला सुधारण्याची मुदतही द्या. जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा नियम मोडणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस मिळतात. चूक अजाणता झाली असेल तर माणूस तेवढ्यात सुधारतो.

आपल्या देशातल्या कायद्याबद्दल चार गोष्टी, ज्या परदेशी परवान्याची नक्कल करताना सुटतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत मोडतो. कलम १७ प्रमाणे नोकरीत, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे कंपनीच्या वेळेत लिहिलेल्या कोडवर तुम्ही कितीही सुंदर अट घाला, ती घालण्याचा हक्कच तुमचा नसेल. कलम ३० सांगतं की परवाना लेखी हवा. आणि कलम ३०अ मुळे हक्क सोपवण्याचे कलम १९मधले नियम परवान्यालाही लागतात: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. तेव्हा 'जगभर' आणि 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे शब्द स्वच्छ लिहा. दुसऱ्या कुणी तुमच्या प्रोग्रॅमला हातभार लावला असेल तर त्याच्या ओळी त्याच्या आहेत. परवाना बदलताना त्याची संमती घ्यावी लागते आणि ती लेखी ठेवावी. व्यवहारात पैसा गुंतला असेल तर वकिलाला मसुदा दाखवा. गाळ्याचा करार तरी आपण असाच नोंदवून टाकतो का?

इथे एक खड्डा आहे ज्यात आमच्या भागातले बरेच जण पडू शकतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट घेऊन गोदामाचा साठा, बिलं, हजेरी यांची व्यवस्था बसवून देणं हा अनेक छोट्या प्रोग्रॅमरांचा धंदा आहे. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ज्या चौकटीवर ते उभं आहे ती फ्रॅपे फ्रेमवर्क मात्र एमआयटीखाली आहे. तुम्ही ईआरपीनेक्स्टचाच कोड बदलून पुढे दिलात तर त्यावर तुमची नीतीची अट चढवता येत नाही. जीपीएल जादा निर्बंध घालायला मनाई करतं, आणि तसा निर्बंध कुणी आपल्या कोडला जोडलाच, तर घेणाऱ्याला तो काढून टाकता येईल असंही त्याच्या सातव्या कलमात लिहिलं आहे. तशा काढलेल्या अटींवरून अमेरिकेत खटलाही झाला आहे, म्हणून 'जीपीएल अधिक माझी एक ओळ' असा घरगुती मसाला करू नका. फक्त फ्रेमवर्कवर स्वतंत्र ॲप लिहीत असाल तर मोकळीक जास्त आहे. कुठला तुकडा कुठल्या परवान्याचा, याची यादी आधी काढा.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मी शेवटी माझा तिसरा मसुदाही परवान्यात घातला नाही. मी जीपीएलचाच भाऊबंद असलेला एजीपीएल हा परवाना निवडला. यात वापरावर बंदी नाही, तो पूर्ण ओपन सोर्स आहे, आणि तरीही मला हवं होतं त्याच्या सगळ्यांत जवळ तोच जातो. त्याचं तेरावं कलम असं: तुम्ही प्रोग्रॅम बदललात आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला कोड मिळण्याची सोय तुम्ही करून दिली पाहिजे. या कलमाची चर्चा नेहमी मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या संदर्भात होते. पण खारबावच्या गोदामात नेटवर्कवरून प्रोग्रॅम वापरणारा कोण? मोबाइलवर आपली हजेरी उघडून पाहणारा कामगार. आपली मिनिटं कशी मोजली, पाणी पिण्याची वेळ कुठे धरली, हे ज्या ओळींत लिहिलं आहे त्या मागण्याचा हक्क परवाना त्याला देतो. तो स्वतः कोड वाचणार नाही. त्याची संघटना वाचून घेईल, त्याचा बारावीतला मुलगा वाचेल, मी वाचून देईन. जो कामगार फक्त स्कॅनर दाबतो आणि स्क्रीन कधी उघडतच नाही, त्याच्याबाबत हे कलम कितपत पोचेल याची मला खात्री देता येत नाही. म्हणून मी हजेरीचं पान प्रत्येक कामगाराने स्वतः उघडायचं अशीच रचना ठेवली.

रचनेबद्दल दोन शब्द, कारण परवान्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो असं माझं मत झालं आहे. जे नोंदवलंच नाही ते कापता येत नाही. पहिल्या आवृत्तीत मी प्रत्येक स्कॅनची वेळ सेकंदापर्यंत साठवली होती, काही कारण नसताना, फक्त साठवणं सोपं होतं म्हणून. 'रिकामी मिनिटं' त्या साठ्यातून निघाली. आता तारीख आणि पाळी एवढंच साठतं, आणि पगार वाटप झाल्यावर ठरलेल्या दिवसांनी तपशील पुसला जातो. कुणी हे बदलू शकतं, कोड उघडाच आहे. पण बदलायला मुद्दाम बसावं लागतं, आणि एजीपीएलमुळे तो बदल दाखवावा लागतो. पहिल्यासारखं सगळं तयार ताटात मिळत नाही.

पैसे घेऊन काम करत असाल तर अट परवान्यात नव्हे, करारात घाला. तिथे समोरचा नावानिशी असतो, सही असते, बिल असतं. माझ्या सेवेच्या करारात तो तिसरा मसुदा जसाच्या तसा आहे, आणि मोडल्यास देखभाल थांबेल असं खाली लिहिलं आहे. आणि करारही हातात नसेल तर जाहीर नकार उरतो. २०१९मध्ये प्रोग्रॅमर सेथ व्हार्गो यांना कळलं की चेफ कंपनीचं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या आयसीई या स्थलांतर यंत्रणेकडे जात आहे, तेव्हा त्या सॉफ्टवेअरला लागणारा आपला कोड त्यांनी इंटरनेटवरून काढून घेतला. परवाना मोकळा असल्याने कंपनीने तो पुन्हा लावलाही. पण तोवर गोष्ट चव्हाट्यावर आली होती, आणि कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं. हे परवान्याने नाही, एका माणसाच्या जाहीर नकाराने घडलं.

आणि नाव राखून ठेवा. अपाची परवान्यात कोड मिळतो, बोधचिन्ह आणि नाव मिळत नाही. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीतही नाव न देण्याची मुभा आहे. एक टाइपच्या मुक्ता फॉन्टसारखे अनेक मराठी फॉन्ट ज्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, त्यातही नाव राखून ठेवण्याची सोय आहे. ज्याने तुमच्या प्रोग्रॅमचा छळासाठी वापर केला त्याला तुमचं नाव मिरवता येऊ नये, एवढं तर कुठल्याही ओपन सोर्स व्याख्येला न दुखवता करता येतं.

नवी आवृत्ती बाहेर टाकण्याआधी एका मित्राने कोड तपासला आणि वरच्या पट्टीतली 'हजरी' दुरुस्त करायला सांगितली. ती मी तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी मेमूत कुणी स्क्रीन दाखवली तर ओळखता आली पाहिजे.